निवाडा कोणी करावयाचा?

रहस्यकथा वाचणे हा वेळेचा अपव्यय होय, असे मानणारे पुष्कळ सभ्य गृहस्थ आपल्यात आहेत. आणि त्यांपैकी बरेच जण प्रवासात हीच पुस्तके वर्तमानपत्राच्या आड धरून वाचतात, हेही आम्हांस ठाऊक आहे. आमचे मत निराळे आहे. कायद्याचे पुस्तक ज्यांनी जन्मात उघडले नाही, अशा असंख्य लोकांस गुन्हा, पुरावा व शिक्षा ह्यांची पहिली ओळख ह्या कथांतूनच होते. बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या वाचणारे होते म्हणूनच. तेव्हा ह्या कथा वाचाव्या की नाही हा वादच व्यर्थ आहे. त्या वाचून उठताना आपण कोणता धडा घेऊन उठतो, हा खरा प्रश्न आहे.

अगाथा ख्रिस्ती ह्या लेखिकेची १९३४ साली प्रसिद्ध झालेली ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ ही कादंबरी घ्या. एका बालिकेस पळवून नेऊन तिची हत्या करणारा नराधम पैशाच्या जोरावर न्यायालयातून सुटतो. पुढे बर्फात अडकलेल्या आगगाडीत त्याचा खून होतो, आणि खून करणारे एक नसून बारा आहेत असे निष्पन्न होते. बारा ही संख्या ज्यूरीची होय. कायद्याने जे केले नाही ते ह्या बारा जणांनी केले, असा लेखिकेचा इशारा आहे. आणि सत्य हुडकून काढणारा पॉयरो अखेरीस त्यांस मोकळे सोडतो. पुस्तक मिटताना वाचक मनात म्हणतो, ‘बरे झाले!’ आम्हीही तसेच म्हटले होते, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

परंतु हे समाधान कशाच्या आधारावर उभे आहे? मयत इसमच बालिकेचा खुनी होता, ह्याची ग्वाही स्वतः लेखिकेने दिलेली असते. कादंबरीकार हा आपल्या सृष्टीचा ब्रह्मदेव होय. त्याची साक्ष खोटी ठरत नाही आणि त्याची उलटतपासणीही कोणी घेत नाही. आपल्या सृष्टीत असा साक्षीदार कोठेही नाही. येथे आहेत ते चुकणारे डोळे, फितूर होणारे साक्षीदार, दडपणाखाली घेतलेले जबाब आणि गावभर पसरलेली वदंता. ब्रह्मदेवाच्या साक्षीची ही उणीव भरून काढण्याकरिताच पुरावा, उलटतपासणी आणि अपील ही सारी यातायात मनुष्याने निर्माण केली आहे. ती नको म्हणणारा, आपण कादंबरी वाचीत नसून जगात वावरत आहो, हेच विसरतो.

शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल ह्याने हे पक्के ओळखले होते. जॉर्ज एदलजी हा बर्मिंगहॅम येथील तरुण सॉलिसिटर. त्याचे वडील मुळचे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती होऊन ते इंग्लंडातील ग्रेट वर्ली गावी धर्मोपदेशक झाले होते. १९०३ साली त्या गावी रात्री गुरांघोड्यांची पोटे फाडण्याचे प्रकार झाले, आणि काळ्या कातडीच्या ह्या कुटुंबाकडे लोकांनी बोट दाखविले. गावाची खात्री होती, पोलिसांचीही होती. एदलजीस सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. तीन वर्षांनी तो सुटला, परंतु कलंक तसाच राहिला. डॉइल त्यास प्रथम भेटला तेव्हा तो वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचीत होता. ज्यास दिवसाही नीट दिसत नाही तो काळोख्या रात्री शेतांतून हे काम कसे करील, असा साधा प्रश्न डॉइलने जगापुढे टाकला. १९०७ साली सरकारला माफी द्यावी लागली, आणि त्याच वर्षी इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय कायद्याने स्थापन झाले. ह्या प्रकरणाने उठलेला गवगवा हे त्याचे एक कारण होते. त्या गावाने १९०३ सालीच ‘बरे झाले’ म्हणून स्वतः निवाडा उरकला असता, तर पुढे माफी कोणास द्यावयाची होती?

हे विलायतेचे झाले. आपल्या घरी काय आहे? २०१९ च्या नोव्हेंबरात हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य स्त्रीवर बलात्कार करून तिची हत्या झाली. सारा देश हळहळला, व ते योग्यच होते. ६ डिसेंबर रोजी पकडलेले चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाले, आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ साली असा निष्कर्ष दिला की, गोळ्या ठार करण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. ते दोषी होते की नव्हते, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. जो व्यापारी पावतीवाचून दहा रुपये खर्ची टाकीत नाही, तोच ऐकीव बातमीवर माणसाचा जीव खर्ची टाकतो, हे आश्चर्य नव्हे काय?

ह्यावर कोणी म्हणेल, ‘न्यायालये वेळेवर न्याय देत नाहीत, म्हणून लोक असे वागतात.’ हा आक्षेप खरा आहे. देशातील न्यायालयांत पाच कोटींहून अधिक खटले तुंबले आहेत. बाप फिर्याद लावतो आणि निकाल मुलगा ऐकतो; अशा स्थितीत सूडाची भूक वाढल्यास नवल नाही. परंतु दुकानात माप खोटे आढळले तर माप दुरुस्त करावे, दुकान लुटू नये. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरा, तपास सुधारा, साक्षीदारांस संरक्षण द्या, अशी मागणी गर्जून करणे हे नागरिकांचे काम आहे. गोळीवर फुले उधळल्याने ह्यांपैकी एकही गोष्ट साधत नाही.

शिवाय जो स्वतः न्यायाधीश होतो त्याचा हात एका ठिकाणी थांबत नाही. दोस्तोयेव्हस्कीच्या १८६६ सालच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ मध्ये रास्कोल्निकोव्ह एका सावकारणीस जगण्यास नालायक ठरवून ठार मारतो. तोच तिची निरपराध बहीण दारात येते, आणि तिलाही मारणे त्यास भाग पडते. पहिल्या खुनाचे तत्त्वज्ञान त्याच्यापाशी होते, दुसऱ्याचे नव्हते. तरीही लेखक त्यास फासावर चढवीत नाही. कबुली, सैबेरिया आणि मग हळूहळू उगवणारा पश्चात्ताप, ह्या मार्गाने तो त्यास माणसांत परत आणतो.

हा मार्ग केवळ कल्पनेतला नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात, औंध संस्थानात, आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर ही भिंतीवाचूनची कैद्यांची वसाहत उभी राहिली. तीवरूनच गदिमांनी कथा रचिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. खुनी कैद्यांच्या हाती फावडे देणे औंधासारख्या लहानशा संस्थानास साधले. मग आरोपीस निदान न्यायासनापुढे जिवंत उभे करणे एवढ्या मोठ्या देशास का साधू नये? रहस्यकथा अवश्य वाचा; ‘बरे झाले’ हे शब्दही खुशाल उच्चारा. मात्र पुस्तक मिटल्यावर ते शब्द पुस्तकातच ठेवावे, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.