तोंडे, हात आणि पाणी

‘माणसे फार झाली!’ हा उद्गार आपल्या कानी नेहमी पडतो. एस.टी.त बसावयास जागा मिळाली नाही, की तो कोणीतरी काढतोच. परंतु माणसे वाढली ती का, याचा विचार क्वचितच होतो. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडात असंख्य माणसे व गुरे दगावली. पटकी, प्लेग, देवी यांच्या साथी येत आणि घरेच्या घरे ओस पडत. पुढे लसी आल्या, दवाखाने निघाले. जी मुले पूर्वी पाळण्यातच गेली असती, ती मोठी होऊन आजी-आजोबा झाली. 1950 साली जगात सुमारे 250 कोटी माणसे होती; नोव्हेंबर 2022 मध्ये ती 800 कोटी झाली, त्याचे मुख्य कारण हेच होय. अशा वाढीला सरसकट संकट म्हणणे मला अनुचित वाटते.

तथापि, जमीन काही वाढली नाही. बुलढाणा जिल्ह्याचेच पाहा. 1961 साली येथे सुमारे साडेदहा लाख लोक राहत होते. 2011 च्या जनगणनेत ते 25 लाख 86 हजारांवर गेले. डोंगर, रस्ते, नदीनाले सारे धरून जिल्ह्याची भूमी सर्वांना सारखी वाटली असती, तर 1961 मध्ये प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे सव्वादोन एकर आली असती. 2011 मध्ये पुरती एक एकरही येत नाही.

यावर कोणी म्हणेल, माणूस एक तोंड घेऊन जन्मतो, तसे दोन हातही घेऊन जन्मतो. हे खरे आहे. त्याच हातांनी सुधारलेले बियाणे पेरले, कालवे खणले आणि एकरी उत्पन्न वाढविले. परंतु हातांना धान्य पिकविता येते, पाऊस पाडता येत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर या बाजूच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीला पाणी लागूनही ते खारट निघते. पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते. घाटावर पाणी गोड, पण उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. मग जवळ पैसा असेल तो कूपनलिका खोल नेतो, आणि शेजाऱ्याची उथळ विहीर आटते. दोन्ही घरांत माणसे तितकीच असतात!

म्हणून नुसती डोकी मोजून भागावयाचे नाही. कोण किती पाणी उपसतो, हेही मोजले पाहिजे, असे माझे मत आहे. कुटुंबे तर लहान होतच आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील स्त्रीमागे मुलांची सरासरी दोनांहून कमी आढळली. घरे लहान झाली म्हणून विहिरी मात्र आपोआप भरत नाहीत.

सिंदखेडराजा येथे जाधवरावांच्या काळातील मोती तलाव आहे. पाऊस आपल्या हाती नसला तरी पडलेला पाऊस अडविणे हाती आहे, हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते. अलीकडे, 2017-18 च्या सुमारास, याच जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती व मुरूम गाळाने भरलेल्या तलावांतून आणि नाल्यांतून खणून नेण्याची रीत सुरू झाली. तिला ‘बुलढाणा पॅटर्न’ असे नाव पडले. रस्त्याला भराव मिळाला, आणि जेथून माती नेली तेथे पुढच्या पावसाळ्यात पाणी साठले.