चोपडा कोणत्या कपाटात?

दिवाळीला चोपड्यावर ‘श्री’ रेखून तो तिजोरीत ठेवणाऱ्या अनेक पेढ्यांत आता संगणकाचीच पूजा होते. त्यातील हिशेब नेमका कोठे साठवला जातो, हे मात्र मालकाला क्वचितच ठाऊक असते, मुनीमजींनाही नसते.

टॅली प्राइम बसवताना काहीही न बदलता पुढे गेल्यास मूळ प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर बसतो आणि हिशेबाचा डेटाही त्याच ड्राइव्हवर ‘पब्लिक’ नावाच्या फोल्डरखाली जातो. त्याच वेळी दोन्हींच्या जागा निराळ्या ठरवण्याची सोय असते. घाईत तिकडे कोणी पाहत नाही.

प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर राहिला तरी बिघडत नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर तो बहुधा पुन्हा बसवावाच लागतो, मग तो डी ड्राइव्हवर का असेना. मायक्रोसॉफ्ट ३६५ तर ही निवड देतच नाही. खरा प्रश्न डेटाचा आहे. संगणक मंदावला की दुरुस्तीवाला सी ड्राइव्ह ‘फॉरमॅट’ करतो आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी त्याबरोबर पुसल्या जातात. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. संगणक बिघडला, ही सबब तेथे उपयोगाची नाही.

म्हणून डेटासाठी डी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करावा. जुन्या पेढीने टॅली बंद करून कंपनीचा आकडी नावाचा फोल्डर तेथे नकलून घ्यावा आणि कंपनी निवडताना नवा मार्ग द्यावा. येथेच मोठा घोटाळा संभवतो. जुनी प्रतही उघडी राहिली, तर विक्रीची बिले एकीकडे आणि खरेदीची दुसरीकडे चढतात, आणि महिनाअखेरीस ताळा जुळत नाही. नव्या प्रतीतील अखेरची शिल्लक व शेवटचा बिल क्रमांक ताडून पाहावा, मगच जुना फोल्डर तेथून हलवावा.

अनेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क निकामी झाली तर दोन्ही जातात. त्यामुळे ‘ऑल्ट’ व ‘वाय’ या कळा एकत्र दाबून ‘बॅकअप’ निवडावा आणि तो बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. ती डिस्क संगणकाला जोडलेली न ठेवता घरी न्यावी. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो. दुरुस्तीवाल्याला बोलावण्यापूर्वी तो वहीत उतरवून घ्यायला एक मिनिटही लागत नाही.