मिठावरचा कर आणि घटनेतून गळलेलं एक वाक्य

केंद्राने अमुक करावं की करू नये, यावर आपण रोज भांडतो. पण केंद्राला तो अधिकार दिला कुणी, हे फारसं कुणी विचारत नाही. आपल्या भाईंदरच्याच मिठाचं उदाहरण घ्या.

शेती राज्याचा विषय, जमीन राज्याचा विषय. पण खाजणात भरतीचं पाणी अडवून उन्हात वाळवलं की जे तयार होतं, ते मात्र घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत, नोंद ५८. मीठ आयुक्तांचं मुख्यालय जयपूरला! (तिकडे सांभर सरोवर आहे म्हणा. तरी भाईंदरच्या आगऱ्याला जयपूर लांबच.)

याच मिठासाठी १९३० साली वडाळ्यात आणि शिरोड्यात लोकांनी लाठ्या खाल्ल्या. १९४७ च्या अर्थसंकल्पात हंगामी सरकारने मीठकर काढला. १९४८ च्या घटनेच्या मसुद्यात तर कलम २५३ ची सुरुवातच अशी होती की, संघराज्य मिठावर कोणतंही शुल्क लावणार नाही. म्हणजे केंद्राचे हात थेट घटनेनेच बांधलेले. १९४९ च्या ऑगस्टमध्ये संविधान सभेत त्यावर चर्चा झाली आणि ते पोटकलम वगळलं गेलं. पुढे काय झालं बघा. १९५३ मध्ये मीठ उपकर कायदा आला! ज्यांनी मिठापायी तुरुंग भोगला, त्यांच्याच पक्षाचं सरकार. दर किरकोळ होता, पुढे ४० किलोला १४ पैसे. प्रश्न पैशाचा नाहीच. मर्यादा कागदावर नव्हती, म्हणून फार काळ टिकली नाही.

आज मिठावर जीएसटी शून्य आहे. पण ती जीएसटी परिषदेची मर्जी, घटनेची हमी नव्हे.

आता आयोडीनचं घ्या. गलगंड हा खरा आजार आहे आणि आयोडीनचा फायदा होतो, यात वाद नाही. पण २००६ मध्ये केंद्राने नियम करून खाण्यासाठी साध्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी घातली. समुद्रकाठच्या लहान मिठागरवाल्याचा माल एका फटक्यात खाण्याच्या बाजारातून बाद. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०११ मध्ये कोर्टाने म्हटलं, भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली असा नियम करण्याचा अधिकारच केंद्राला नव्हता. छान! पण त्याच निकालात तो नियम आणखी सहा महिने चालू ठेवायची मुभा दिली. तोवर नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांत तीच बंदी आली. अधिकार नाही असं ठरलं, आणि बंदी एक दिवसही उठली नाही.

अमेरिकेच्या घटनेची दहावी दुरुस्ती म्हणते, केंद्राला जे दिलं नाही ते राज्यांचं किंवा लोकांचं. आपलं कलम २४८ बरोबर उलटं: कुठल्याच यादीत नसलेलं ते संसदेचं. फाळणीनंतर देश एकत्र ठेवायचा होता, तेव्हा ते समजण्यासारखं होतं. आज?

राज्यांना अधिकार दिले की झालं, असंही मी म्हणत नाही. कांजूरमार्गला मेट्रो कारशेडसाठी १०२ एकर जागा राज्याने दिली, केंद्र मीठ आयुक्तांच्या नावाने कोर्टात गेलं आणि डिसेंबर २०२० मध्ये हायकोर्टाची स्थगिती आली. भांडण दोन सरकारांचं. लोकलला लटकणाऱ्या माणसाला त्यात कोण विचारतो? स्वतंत्र पक्षवाले, नंतर शरद जोशी, हेच तर बोलत होते: कुठल्याही सरकारचा हात आधी माणसाच्या मालावरून काढा.

कलम २५३ चं ते वाक्य परत आणायचं तर घटनादुरुस्ती लागेल. खासगी विधेयक मांडायला मात्र एक खासदार पुरतो. मिरा-भाईंदर ठाणे लोकसभेत येतं, मिठागरं इथेच आहेत. पुढच्या वेळी खासदार भेटले की गटार-रस्त्याबरोबर हेही विचारा.