राजेशाही थाट, साडेआठ लाखांत!

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका नव्या पोराने कॅन्टीनमध्ये मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. ‘सर, हे बघा! नवी होती तेव्हा साठ लाख. आता फक्त नऊ. नऊ लाखांत आमच्या टीममधले सगळे हॅचबॅक घेतायत हो!’ त्याच्या डोळ्यांतली ती चमक मी लगेच ओळखली. २०२१ मध्ये ती माझ्या डोळ्यांत होती. म्हटलं, ‘बस. चहा माझ्याकडून.’ दोन चहा झाले, लंच अवर संपला, तरी माझं सांगणं काही संपेना. उरलेलं इथे लिहितोय. तुमच्यापैकी किमान चार-पाच जणांनी असाच एखादा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवलाय, याची मला खात्री आहे.

मी मूळचा चिंचवडचा. १९९५ मध्ये मर्सिडीजची भारतातली पहिली ई-क्लास आमच्याच पिंपरी-चिंचवडमध्ये, टेल्कोच्या आवारात जोडून बाहेर पडली. तेव्हा आम्ही शाळेत. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर तशी एखादी गाडी दिसली की सायकली थांबवून बघायचो. बाबा एका कारखान्यात स्टोअर्सला होते. ते म्हणायचे, ‘त्यात मागच्या सीटवर साहेब बसतात.’ पुढची पंचवीस वर्षं हे वाक्य माझ्या डोक्यात कुठेतरी पार्क केलेलं होतं.

मग पहिलं बऱ्यापैकी इन्क्रिमेंट, वर्क फ्रॉम होम, रात्री दोन वाजता जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघण्याचं व्यसन... आणि एक दिवस मुंबईच्या एका डीलरकडे ती दिसली. २००९ चं मॉडेल, काळी, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पाच मीटरहून लांब. नवी असताना रस्त्यावर यायला अठ्ठ्याहत्तर लाख लागले होते. डीलर साडेआठला तयार! कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर संपादकांना जाहिरात विभागाचे फोन येतात, आणि दुसरं म्हणजे चूक कंपनीची नव्हतीच. चूक माझी होती.

आता मुळात ही गाडी एवढी स्वस्त का होते, ते समजून घ्या. मला हे गाडी घेतल्यानंतर समजलं!

अशा गाड्यांचा पहिला मालक बऱ्याचदा माणूस नसतो, कंपनी असते. गाडी कंपनीच्या नावावर, डेप्रिसिएशन हिशेबाच्या वहीत. तीन-चार वर्षांत वॉरंटी संपते, नवं मॉडेल येतं, साहेब गाडी बदलतात. दुसरा मालक थोडा हौशी, तिसरा जास्त हौशी. प्रत्येक टप्प्यावर विकणारे भरपूर आणि घेणारे कमी, कारण ज्याच्याकडे पैसा आहे त्याला नवीच हवी असते. म्हणजे साडेआठ लाख हा आकडा आकाशातून पडलेला नसतो. पुढे येऊ घातलेल्या बिलांची बेरीज आधीच्या मालकाने तुमच्या आधी केलेली असते, म्हणूनच तो विकत असतो. गाडीची किंमत नव्वद टक्के उतरते, पण तिच्या सुट्या भागांची एक टक्कासुद्धा उतरत नाही. गाडीला बिचारीला माहीतच नसतं की ती स्वस्त झालीय!

तर मी ती घेतली. संध्याकाळी सात वाजता, इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असताना, शोरूमच्या पिवळ्या लाइटखाली. आयटीतला माणूस मी, टेस्टिंगच्या गप्पा दिवसभर मारतो. पण स्वतःच्या साडेआठ लाखांचं टेस्टिंग वीस मिनिटांत उरकलं. एक्स्प्रेसवेने पुण्यात आलो. काय सांगू! खिडक्यांच्या दुहेरी काचांमुळे आत देवघरासारखी शांतता. दार पूर्ण लागलं नसेल तर गाडी स्वतःच ते हळूच ओढून घेते. शंभरच्या स्पीडला कप होल्डरमधलं पाणी हलत नाही. त्या रविवारी आई-बाबांना घेऊन लोणावळ्याला गेलो. बाबा हट्टाने पुढेच बसले, ‘मागे साहेब बसतात’ म्हणत. कुठल्याही गाडीत डोळा न लावणारा हा माणूस तळेगाव यायच्या आत घोरत होता. ते घोरणं ऐकताना मला वाटलं, पैसे वसूल!

तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी सकाळी, पार्किंगमध्ये गेलो तर गाडी पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी बसलेली. पुढची दोन्ही चाकं मडगार्डच्या आत.

या गाडीला साध्या स्प्रिंगऐवजी एअर सस्पेन्शन आहे. प्रत्येक चाकापाशी रबराचा जाड फुगा असतो, त्यात हवा भरून गाडी उचललेली असते. रबर म्हटलं की वय आलं. दहा-बारा वर्षांत त्याला घडीच्या जागी बारीक चिरा पडतात आणि रात्रभरात हवा निघून जाते. सकाळी गाडी चालू केली की कॉम्प्रेसर पुन्हा हवा भरतो, गाडी दिमाखात उठते, आणि डीलर म्हणतो, ‘बघा सर, कशी उठते!’ पण हे रोज करून करून कॉम्प्रेसरही जळतो. म्हणजे एका फुग्यापायी दोन बिलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरने पुढच्या एका बाजूसाठी जो आकडा सांगितला तो ऐकून मी फोनवर ‘दोन्ही बाजूंचा ना?’ असं विचारलं. पलीकडे दोन सेकंद शांतता होती.

शेवटी एका मित्राने नाना पेठेतल्या एका मिस्त्रींकडे धाडलं. साठीचे गृहस्थ, हातात कायम फडकं. त्यांनी बोनेट उघडायच्या आधीच टायर बघितले आणि म्हणाले, ‘दादा, चारी टायर चार कंपन्यांचे आहेत. ज्याला टायर परवडत नव्हते त्याने बाकी काय केलं असेल?’ हे वाक्य मी हजार रुपये देऊन आधी ऐकलं असतं तर काही लाख वाचले असते.

आमच्या घरचं अर्थखातं बायकोकडे. तिने लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडली, नाव दिलं ‘काळी म्हैस’. पुढच्या अठरा महिन्यांतल्या तिच्या नोंदी जशाच्या तशा देतो. पुढचे दोन स्ट्रट, नवे नव्हे, रिबिल्ड केलेले: नव्वद हजार. कॉम्प्रेसर: पंचावन्न. चार टायर: अठ्ठ्याऐंशी. बॅटरी: चोवीस. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, फिल्टर वगैरे: अडतीस. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड: बासष्ट. बेरीज तीन लाख सत्तावन्न हजार. यात पेट्रोल नाही. शहरात अॅव्हरेज पाचचं आणि पेट्रोल शंभरच्या वर. तो कॉलम तिने नंतर बंदच केला, ‘बीपी वाढतं’ म्हणून.

गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल जरा थांबून सांगतो. ‘हे तेल लाइफटाइम आहे, बदलायची गरज नाही’ असं तुम्हाला सगळे सांगतील. प्रश्न एवढाच, की कोणाचं लाइफ? हे गिअरबॉक्स ज्या जर्मन झेडएफ कंपनीचे असतात, ती स्वतः साधारण ८० हजार ते सव्वा लाख किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. माझ्या गाडीचं एकदाही बदललेलं नव्हतं. तेल निघालं ते चहाच्या चोथ्यासारखं.

पण खरा खर्च त्या शीटमध्ये नव्हताच. तो साडेतीन लाखांचा ढीग वाकडच्या टू बीएचकेच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेला होता. बुकिंग पुढे ढकललं. वर्षाने त्याच बिल्डिंगमध्ये, त्याच मजल्यावर, तसाच फ्लॅट नऊ लाखांनी महाग. बायको काही बोलली नाही. तिने फक्त शीटमध्ये सर्वांत खाली एक ओळ टाकली: ‘फ्लॅट, फरक, नऊ लाख.’ भांडली असती तर बरं झालं असतं! म्हणजे साडेआठ लाखांची गाडी मी खरं तर दोनदा विकत घेतली, आणि दुसऱ्यांदा घेतली तेव्हा मला कोणी चावीही दिली नाही.

एवढं ऐकून तो पोरगा म्हणाला, ‘म्हणजे घेऊच नको?’ असं मी कुठे म्हटलं? घे की! पण नऊ लाखांत नऊ लाखांची गाडी घेऊ नकोस. सहाची घे आणि तीन लाख वेगळ्या खात्यात टाक. ते पैसे गाडीचेच आहेत, फक्त अजून खर्च झालेले नाहीत. ज्याला हे जमत नाही त्याने निवांत नवी हॅचबॅक घ्यावी, त्यात काहीही कमीपणा नाही.

आणि बघायला जायचं ते सकाळी, शटर उघडायच्या वेळेला. आधीच फोन करून सांगायचं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. रात्रभर उभी असलेली गाडी खोटं बोलू शकत नाही. ती कुठे बसलीय, खाली तेलाचा थेंब आहे का, गार इंजिन पहिल्या दहा सेकंदांत कसा आवाज करतं, सगळं तिथे कळतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. टायर कधीचा आहे ते त्यावरून कळतं. स्कॅनर लावणारा माणूस सोबत न्यायचा, त्याचे दोन-तीन हजार द्यायचे, कुरकुरायचं नाही. चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला रेकॉर्ड विचारायचं. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघायचा. टोकाला चिखलाचा डाग किंवा कुबट वास आला की नमस्कार करून निघायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते मुंबईकरांना विचारा. या मोठ्या गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक मेंदू बऱ्याचदा कार्पेटखाली आणि डिकीत असतात. वरून चकाचक पॉलिश, आतून गंज! दर मोठ्या पुरानंतर अशा गाड्या शहर बदलतात.

शहर बदलण्यावरून दिल्ली आठवली. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती लागू करायला सांगितली. त्या धाकाने दिल्लीच्या गाड्या मातीमोल भावात बाहेर येऊ लागल्या. (२०२५ मध्ये न्यायालयाने थोडा दिलासा दिला, पण भाव पडायचे ते पडले होते.) ‘दिल्लीची गाडी, दीड लाख स्वस्त’ ऐकून हुरळू नका. तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर, एजंटचे हेलपाटे, हे सगळं त्या दीड लाखातच बसवायचंय. गाडीला पंधरा वर्षं व्हायला आली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणाचाही हिशेब धरा. २०२२ मध्ये ती फी सहाशेवरून थेट पाच हजार झाली. आणि विमा घेताना लक्षात ठेवा, पाच वर्षांनंतर गाडीची विमा किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. झिरो डेप सहसा मिळत नाही, आणि साध्या पॉलिसीत रबर-प्लॅस्टिकच्या भागांचे अर्धे पैसे तुमच्याच खिशातून जातात. अशा गाडीचा बंपर एकदा बदलून बघा!

कुठली घ्यावी? माझं सरळ मत आहे, आणि हौशी मंडळी मला शिव्या घालणार आहेत. फुगे नसलेली, साध्या स्प्रिंगची, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनची. होंडा अॅकॉर्डची २.४ किंवा टोयोटा कॅमरी. मागच्या सीटवर पाय पसरून बसता येतं, आवाज नाही, झगमगाटही नाही. वॉचमन सलाम जरा कमी कडक ठोकेल, एवढंच. ज्यांना युरोपियनच हवी त्यांनी स्कोडा सुपर्ब बघावी. पाय पसरायला जागा अफाट, शिवाय मागच्या दारात छत्री ठेवायला खास खोबण आहे, आपल्या पावसाळ्यात ही काही छोटी गोष्ट नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं शहाणपण आलं तर म्हैस विकली का नाही? गेल्या दिवाळीत एकाने सव्वाचार देऊ केले होते. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, ‘आता तर सगळं नवीन टाकून झालंय, आता दुसऱ्याला कशाला मजा?’ शीट अजून चालू आहे, मागच्या डाव्या फुग्याची ओळ आधीच लिहून ठेवलीय, रकमेची जागा रिकामी. फ्लॅट शेवटी गेल्या वर्षी घेतला, वाकडला नाही, पुनावळ्याला. पार्किंगमध्ये गाडीचं नाक अर्धा फूट पिवळ्या पट्टीच्या बाहेर येतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा माझ्या नावाने मेसेज पडतो.

हा मजकूर पाठवणार, तेवढ्यात आज सकाळी पावणेदहाला त्या पोराचा फोटो आला. डीलरचं शटर अर्धं उघडं, आत साठ लाखांची ती पांढरी शुभ्र गाडी आणि पुढचं डावं चाक मडगार्डच्या आत. खाली लिहिलं होतं: ‘सर, ही बसलीय की ही स्टाइल आहे?’