चकाकणारा दात

साहित्याच्या अध्यापकाने करवतीवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण 'धार' हा शब्द समीक्षेत आपण फार सैलपणे वापरतो. धारदार शैली, धारदार उपरोध असे सहज लिहून जातो. धार म्हणजे नेमके काय आणि ती येते कशी, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी हाताने अनुभवलेले असते. मलाही ते पंचेचाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात मी एक करवत विकत घेतली. पाते गंजलेले, मूठ कुणाकुणाच्या घामाने काळी पडलेली. शिक्क्यातले 'शेफिल्ड' एवढेच लागत होते. ती घेऊन गावी, दौंड तालुक्यातल्या राहूला गेलो. भीमा आणि मुळा-मुठेच्या आसपासचा हा उसाचा, गुऱ्हाळांचा मुलूख. येथे पूर्वी बाभळीचे नांगर, कुळव, बैलगाड्या सुताराच्या दारात घडत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, त्यानंतर हळूहळू लाकडी नांगर मागे पडला. पुढे गाड्यांनाही रबरी चाके आली. गावातल्या जुन्या सुतारांपैकी एक वृद्ध गृहस्थ अजून अधूनमधून चौकट, पाट असे काही करतात. गाव त्यांना आप्पा म्हणते.

मी करवत आधीच घरी तिकोनी कानशीने घासून नेली होती. आप्पांनी ती डोळ्यासमोर धरली, पात्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "सर, ह्यो दात थोरला, ह्यो धाकटा. असं कसं कापंल?"

मग त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. दोन फळ्यांच्या मध्ये पाते आवळून फक्त दात वर ठेवले. पाते सैल राहिले तर ते थरथरते आणि कानस किंचाळते. एक सपाट कानस सगळ्या दातांच्या माथ्यावरून अलगद फिरवली. त्यामुळे सर्व दात एका उंचीत आले आणि प्रत्येकाच्या टोकावर एक बारीकसा चकाकणारा ठिपका उमटला. त्यानंतर दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवले, तेही वरचा भाग तेवढाच. पात्याच्या जाडीपेक्षा खाच थोडी रुंद पडली नाही, तर करवत लाकडात अडकते. जास्त रुंद पडली, तर लाकूड वाया जाते आणि हात दुखतो. शेवटी तिकोनी कानस, फक्त पुढे जाताना टेकवलेली. लाकूड उभे चिरायचे असेल तर कानस पात्याला काटकोनात धरायची, म्हणजे दात पटाशीसारखे तासतात. आडवे कापायचे असेल तर तिरकी धरायची, म्हणजे ते सुरीसारखे रेषा तोडतात.

"ठिपका गेला की थांबायचं," आप्पा म्हणाले. "त्याच्यापुढं एक हात मारला, तर दात बुटका हुतो."

त्यांचे हे बोलणे मला नंतरही आठवत राहिले. बोथट दाताला सपाट माथा असतो, म्हणून त्यावर उजेड परततो. धार आलेल्या टोकाला उजेड परतवण्याइतकी जागाच नसते. म्हणजे चकाकी ही धारेची नव्हे, बोथटपणाची खूण आहे. कानस मारणारा माणूस चकाकी आणत नसतो, ती नाहीशी होण्याची वाट पाहत असतो.

आता आपल्याकडे वळू. आमच्या वर्गात समीक्षेची भाषा विद्यार्थ्याच्या हाती येते, ती आजच्या दुकानातल्या स्वस्त करवतीसारखी. त्या करवतींच्या दातांची टोके कारखान्यातच इतकी कठीण केलेली असतात की त्यांच्यावर कानस चालत नाही. धार गेली की करवत टाकायची. 'वास्तवाचे दाहक चित्रण', 'मानवी मनाचा ठाव', 'समाजजीवनाचे भेदक दर्शन' ही तशीच हत्यारे. कधीकाळी ती कापत असतील. आज ती केवळ चकाकतात. विद्यार्थी ती गाइडमधून उचलतो, हे खरे. पण माझ्या वीस वर्षांच्या टिपणवह्या काढून पाहिल्या, तर त्यांतही हेच शब्द, याच क्रमाने सापडले. दोष एकट्या गाइडचा कसा म्हणू?

यावर कुणी म्हणेल, हे गावगाड्याचे स्मरणरंजन आहे. तसे नाही. त्रिंबक नारायण अत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांव-गाडा'त बलुत्याची जी व्यवस्था दिसते, तिचे गोडवे गाणे १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आल्यानंतर कुणाही मराठी वाचकाला शक्य नाही. आप्पांचा नातू सुतारकाम करत नाही, आणि त्याने ते करावेच असा आग्रह मला धरता येणार नाही. पण जातीने लादलेले काम आणि त्या कामात साठलेले ज्ञान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली सुटलीच पाहिजे. तिच्याबरोबर दुसरीही सुटते, कारण तिला आपण ज्ञान मानलेच नाही. अभ्यासक्रमात 'श्रमसंस्कृती' हा शब्द आहे, कानस नाही.

माझे म्हणणे एवढेच की, ज्या हत्याराला वापरणाऱ्याला स्वतः धार लावता येत नाही, ते त्याचे होत नाही. संज्ञांचेही तसेच. यंदा मी एम.ए.च्या वर्गात एक बदल केला. 'दाहक' असे लिहिणाऱ्याने ज्या वाक्यात दाह जाणवला ते वाक्य दाखवायचे. नाही दाखवता आले तर शब्द खोडायचा. पहिल्या महिन्यात उत्तरे निम्म्याने आखडली. मुले नाराज झाली. काहींनी मात्र कादंबरी पुन्हा उघडली.

करवतीचे म्हणाल, तर ती आता बाभळीचे लाकूड कापते. पण रेघ सोडून किंचित डावीकडे ओढते. म्हणजे डावीकडचे दात मी जरा जास्त वाकवले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा आप्पांकडे जायला हवे.