जु. वा. किं. अं.

चोरीच्या फिर्यादीत प्रत्येक वस्तूपुढे ही अक्षरे असतात: जुनी वापरती, किंमत अंदाजे. उमरगा तालुक्यातल्या एखाद्या विहिरीवरची मोटारीची केबल रातोरात कापून नेली, तर तिच्यापुढेही हेच लिहिले जाणार. १ जुलै २०२४ पासून या अंदाजाला भलतेच वजन आले आहे. जुन्या दंड संहितेत चोरी दहा रुपयांची असो की दहा लाखांची, ती दखलपात्र होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ (२) मधली पाच हजारांच्या आतली चोरी मात्र अदखलपात्र झाली. म्हणजे एन.सी. घ्या आणि घरी जा. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. (घरातून झालेल्या चोरीला वेगळे कलम आहे. विहिरीला दार नसते.)

आता सहा हजारांना घेतलेली, दोन पावसाळे खाल्लेली केबल आज कितीची धरायची? ठाणे अंमलदाराने साडेचार हजार लिहिले तर एन.सी., साडेपाच लिहिले तर गुन्हा. शेतकऱ्याला नवी केबल नव्या भावानेच आणावी लागते, आणि तोवर चुकलेल्या पाण्याच्या पाळीची किंमत कोणत्याच रकान्यात बसत नाही.

गोष्ट एका केबलीची असती तर सोडून देता आली असती. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक आकडे दखलपात्र गुन्ह्यांचे असतात. त्यातही एका गुन्ह्यात चार कलमे लागली तरी मोजले जाते ते सर्वांत गंभीर एकच. अधीक्षकांच्या क्राइम मीटिंगमध्येही चर्चा होते ती दाखल किती आणि उघड किती याची. रात्रगस्तीची गाडी कुठे फिरवायची, मनुष्यबळ कुठे वाढवायचे, हे त्यावरून ठरते. एन.सी.वर भागलेले गाव या हिशेबात ‘शांत’ असते आणि शांत गावाकडे गाडी वळत नाही. मोबाइल चोरीला गेला तरी ‘गहाळ’ लिहून घेण्याची रीत तर नव्या कायद्याच्याही आधीची.

याच्या बरोबर उलटी तऱ्हा गुटख्याची. उमरगा सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, कर्नाटकाच्या वेशीला लागून. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, आणि गुटख्याची फिर्याद द्यायला कुणी ठाण्यात येत नाही. पोलिसांनी गाडी अडवली तरच गुन्हा दाखल होतो. महिनाभर नाकाबंदी नीट केली की गुन्हे ‘वाढतात’, महिनाभर डोळेझाक केली की ‘घटतात’. केबलीचा आकडा फिर्यादीची चिकाटी आणि अंमलदाराची लेखणी सांगतो, गुटख्याचा आकडा पोलिसांची मेहनत. आणि आपण दोघांची बेरीज करून तालुक्यात गुन्हेगारी किती ते ठरवतो. नोंदलेल्या गुन्ह्यांच्या दरात केरळ वर्षानुवर्षे वरच्या रांगेत असते, म्हणून तिथे जायला कुणी घाबरत नाही.

२०२३ आणि २०२५ च्या चोऱ्यांची तुलना करून कुणी घट जाहीर केली, तर त्यातली किती चोरांमुळे आणि किती कलमामुळे, हे आधी विचारले पाहिजे. आकडे नकोत असे नव्हे, उलट आणखी हवेत. एन.सी.तल्या केबली आणि स्टार्टर, ‘गहाळ’ झालेले मोबाइल, अर्जावर भागवलेल्या तक्रारी गावनिहाय मांडा आणि त्यावरून गस्तीचा रस्ता आखा. त्यासाठी नवे सर्वेक्षण नको. नोंदी ठाण्यातच पडून आहेत.