गळ हौसेचा, भुर्दंड कोणाला?

पोटासाठी मासे धरणाऱ्याच्या प्रत्येक पौंडाची नोंद, आणि हौसेसाठी गळ टाकणाऱ्याचा मात्र नुसता अंदाज! याला समान न्याय म्हणता येईल काय? हाच प्रश्न घेऊन अमेरिकेतील मच्छीमारांना न्यायालयात जावे लागले.

मेक्सिकोच्या आखातात रेड स्नॅपर मिळतो. आपल्याकडच्या तांबोशीचा तो भाऊबंद. बेसुमार मासेमारीने तो घटला, तेव्हा वर्षाचा कोटा ठरला. ५१ टक्के धंदेवाईकांना, ४९ टक्के हौशींना. २००७ पासून धंदेवाईकांना प्रत्येकाचा हिस्सा ठरवून मिळाला. बोटीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र आले, बंदरात येण्यापूर्वी वर्दी देण्याची सक्ती झाली. हौशींनी मात्र बहुतेक वर्षी मर्यादा ओलांडली, आणि ते कळले मासे पोटात गेल्यावर! २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने सरकारी मत्स्यसेवेला बजावले की, हौशींना त्यांच्या कोट्यात ठेवणे हे तुमचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्या वर्षी संघीय पाण्यात हौशींचा हंगाम अवघ्या ९ दिवसांवर आला.

निकाल योग्यच होता. परंतु मोजल्याशिवाय मर्यादा पाळली जाणार कशी? हौशी माणूस खासगी धक्क्यावरून निघतो, वेळी-अवेळी परततो. मासा बाजारात येत नाही, म्हणून पावतीही नाही. सरकार किनाऱ्यालगतच्या घरी फोन करून फेऱ्या विचारी आणि धक्क्यावर काहींचे मासे तपाशी. ही पद्धत सदोष असल्याचे राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये सांगितले. पुढे फोनऐवजी टपालाने विचारणा सुरू झाली. २०१८ मध्ये जुने आकडे नव्या मापाने सुधारले, तेव्हा अनेक माशांचे अंदाज कितीतरी वाढले. २०२३ मध्ये खात्याच्याच प्रायोगिक अभ्यासात नुसता प्रश्नांचा क्रम बदलला, तर फेऱ्यांचा अंदाज साधारण ३० ते ४० टक्क्यांनी खाली आला!

मग ही मोजणीच मोडीत काढावी काय? आम्हाला हे मान्य नाही. चूक सापडली ती पुन्हा तपासले म्हणून. मोजणी थांबली तर समुद्र ज्याची बोट मोठी त्याचा होईल.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. धक्क्यावर गळ टाकून घरच्या कालवणाची सोय करणारा गरीब, कृष्णवर्णीय वा स्थलांतरित माणूसही सरकारदप्तरी 'हौशी'च ठरतो. लाखो डॉलरच्या बोटीचा मालक आणि तो एकाच रकान्यात! बोटवाल्याने मर्यादा मोडली म्हणून बंदी आली, तर एकाची सुटी बुडते, दुसऱ्याचे जेवण बुडते.

म्हणून मोजा, सर्वांना मोजा. पण कोण कशासाठी मासा धरतो तेही विचारा. ज्याची नोंदच चुकीच्या रकान्यात झाली, त्याला न्याय कोणत्या रकान्यातून मिळणार?